वाटणीत न आलेलं पेव

हल्ली बोरतळीत पाहुणे आले की पाण्याच्या तांब्याआधी भिंतीवरच्या डबीकडे बघत. काडेपेटीएवढी ती सरकारी डबी. तिच्यावर एक आकडा आणि आकड्याखाली एक दिवा. दिवा हिरवा असला की पाहुणे ऐसपैस मांडी घालत, पिवळा असला की दाराजवळची खुर्ची पकडत, आणि लाल असला की त्यांना एकदम परतीची बस आठवे. मुलगी बघायच्या कार्यक्रमात पत्रिका नंतर, आकडा आधी. गावातल्या जुन्या लोकांनी हे सुरुवातीला हसण्यावारी नेलं. मग त्यांच्याच नातवांची लग्नं अडायला लागली, तेव्हा हसू मावळलं.

महानंदा बिरादारच्या घरातला दिवा लाल होता, आणि तिच्या एकुलत्या एका लेकीला, शांभवीला, सातवा सरत आला होता.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. यात विचार करण्यासारखं काही असतं असं महानंदाला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. नवरा बस्वंतअप्पा वारल्यापासून ती घरात एकटीच होती. लेकीला दिवस गेल्याचं कळलं त्या दिवसापासून तिनं जुन्या मऊ धोतरांची दुपटी शिवायला घेतली होती, खारीक आणि डिंक डब्यात भरून ठेवला होता. आणि आता लातूरहून विहीणबाईंचा, सुमित्राताईंचा, फोन आला.

"ताई, आमचं काहीच म्हणणं नाही बघा," सुमित्राताई गोड आवाजात म्हणाल्या. "पण कायदाच तसा आहे. लाल घरात गरोदर बाई ठेवता येत नाही. दवाखानासुद्धा नाव नोंदवून घेत नाही. तुम्ही तेवढा आकडा हिरवा करून घ्या आणि खुशाल न्या लेकीला."

हिरवा करून घ्या. भिंतीला चुना मारून घ्या म्हणावं तसं. महानंदानं फोन ठेवला आणि डबीसमोर जाऊन उभी राहिली. आकडा चारशेच्या वर होता. तो कशाचा आकडा आहे हे तिला दोनदा समजावून सांगून झालं होतं, आणि दोन्ही वेळा तिनं मान डोलावली होती.

तिसऱ्यांदा समजावलं ते फरहीननं. ही नांदेडहून येणारी वायुनिरीक्षक. दहा-बारा गावांच्या डब्या तिच्याकडे होत्या. पोरगी हसतमुख होती, पण कायम घाईत.

"मावशी, बाकी महाराष्ट्राच्या पोटात बहुतेक काळा दगड. तुमच्या या देगलूरच्या बाजूला मात्र तांबूस ग्रॅनाइट आहे. त्यात युरेनियम असतं, अगदी चिमूटभर. ते हजारो-लाखो वर्षं आपोआप झिजत असतं, आणि झिजता झिजता त्याच्यातून एक वायू सुटतो, रेडॉन. रंग नाही, वास नाही, चव नाही. उघड्यावर तो वाऱ्यानं उडून जातो, काही बिघडत नाही. पण घरात शिरला आणि कोंडला, की तो स्वतः फुटत राहतो, चार दिवसांत निम्मा. त्याचे जे तुकडे पडतात ते वायू नसतात, कण असतात. ते धुळीला चिकटतात आणि श्वासाबरोबर छातीत जाऊन बसतात. तिथं बसून फुटतात. एका दिवसानं काही होत नाही. वर्षानुवर्षं असंच चाललं तर काहींना फुप्फुसाचा कॅन्सर होतो."

"काहींना म्हणजे कुणाला?"

"ते कुणालाच सांगता येत नाही."

"आन् हा आकडा?"

"तुमच्या घरातली एक घनमीटर हवा घेतली, एवढं मोठं खोकं समजा, तर त्यात दर सेकंदाला किती अणू फुटतात, तो आकडा. शंभराच्या आत हिरवा, तीनशेच्या वर लाल, मधला पिवळा."

महानंदानं खोलीतल्या हवेकडे पाहिलं. तिथल्या एकेका खोक्यात सेकंदाला चारशे वेळा काहीतरी फुटत होतं, आणि ती तिथंच रोज भाकरी खात होती. हे तिच्या डोक्यात शिरायचं आणि बसायला जागा न मिळाल्यासारखं पुन्हा बाहेर पडायचं.

तिनं आपल्या परीनं सुरुवात केली. माजघरालगतची आतली खोली बाळंतिणीसाठी तयार करायला घेतली. खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या, दाराला जाड गोधडीचा पडदा लावला, आणि खोली नीट ऊब धरते का हे बघायला शेगडी पेटवून ठेवली. बाळंतिणीची खोली अशीच असते. वारा लागता कामा नये. सकाळी पाहते तर डबीवरचा आकडा सातशे.

शेगडीनं डबीला ताप चढला असेल असं वाटून तिनं डबीवर ओलं फडकं ठेवलं. आकडा ढिम्म. मग चिडून तिनं दारं-खिडक्या सताड उघडून टाकल्या आणि दिवसभर तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही, तर दिवेलागणीला दिवा पिवळा. पुन्हा सगळं बंद केलं, पुन्हा लाल. जितकी माया लावावी तितका आकडा चढतो, आणि दुर्लक्ष केलं की उतरतो, हे असलं यंत्र तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

"डबी बरोबर आहे मावशी," पुढच्या फेरीत फरहीन म्हणाली. "शेगडीनं खोलीतली हवा गरम झाली. गरम हवा वर जाते, वरच्या झरोक्यातून बाहेर पडते. तिची जागा भरायला कुठून तरी हवा यायला पाहिजे ना? खिडकी तुम्ही बुजवली. मग घर खालून ओढून घेतं. या फरशीच्या सांध्यांतून, जमिनीतून."

"म्हंजे बाळंतिणीला वाऱ्यात निजवू?"

"ते मी कसं सांगू? सांधे बुजवून बघा. नाहीतर जमिनीखालून पाइप घालून, पंखा लावून तो वायू थेट छपराच्या वर सोडायचा. पण त्याला आधी खाली काय आहे ते बघावं लागेल, परवानगी लागेल, वेळ जाईल."

वेळ नव्हता. देगलूरहून गवंडी आला. त्यानं शहाबादी फरशीचे सगळे सांधे खरवडून काढले, त्यात लांबी भरली आणि वरून रबरासारखं काहीतरी करडं लिंपलं. दोन दिवस घराला रंगाच्या दुकानाचा वास येत राहिला. मग आकडा खाली यायला लागला. तीनशे, दोनशे, दीडशे. एका सकाळी दिवा हिरवा. महानंदानं डबीला हळदकुंकू वाहिलं आणि सुमित्राताईंना फोटो पाठवला.

आठवड्याच्या आत शांभवी आली. पोट पुढे काढून, एक हात कमरेवर ठेवून ती घरभर फिरली, प्रत्येक डबा उघडून बघितला, आणि आतल्या खोलीत पलंगावर बसत म्हणाली, "माय, घराचा वासच बदललाय की गं."

"हिरवं झालंय घर. जरा वास यील."

आता त्या खोलीच्या भिंतीबद्दल सांगायला हवं. शांभवी बसली होती तिच्या समोरची ती भिंत जुन्या दगडी घराची नव्हती. विटांची होती. शांभवी सातवीत असताना तिचे वडील आणि तिचे काका मन्मथ वेगळे झाले, तेव्हा घराच्या मधोमध ती उभी राहिली. वाटणी सुरळीत झाली असती, पण भिंत दीड वीत जाड असावी की दोन, आणि ती अर्धी वीत कुणाच्या वाट्यातून जावी, यावरून दोघं भाऊ तालुक्याच्या कोर्टात गेले. खटला वर्षानुवर्षं चालला. बस्वंतअप्पा वारले तेव्हा मन्मथ आला, खांदा दिला, आणि एक शब्द न बोलता परत गेला. नवरे बोलत नव्हते म्हणून दोघी जावाही बोलायच्या थांबल्या होत्या. पुढे बोलायला कुणाची हरकत उरली नाही, पण सुरुवात कशी करायची तेच कुणाला आठवेना.

भिंतीच्या पलीकडच्या खोलीत धाकटी जाऊ चंद्रकला गावची अंगणवाडी चालवायची. रोज सकाळपासून लेकरांचा गलका, ताटल्यांचा खडखडाट, आणि चंद्रकलेचा सगळ्यांच्या वर चढणारा आवाज. महानंदाला त्याचा भारी वैताग. "ही भिंत एकदा गप बसली तर देव पावला," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

शांभवी येऊन फार दिवस झाले नव्हते, आणि भिंत गप्प झाली.

पहिल्या दिवशी महानंदाला बरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी तिनं कानोसा घेतला. तिसऱ्या दिवशी शांभवी नळावर जाऊन बातमी घेऊन आली.

"काकूच्या घरचा दिवा लाल झालाय. अंगणवाडी बंद केली. लेकरं बाहेर लिंबाखाली बसवलालेत."

"तिचा तर पिवळाबी नव्हता कधी. हिरवा होता."

"होता. तू फरशी बुजवली त्याच्या नंतर चढायला लागला म्हणतेत."

"माझ्या फरशीचा तिच्या घराला काय संबंध?" महानंदा म्हणाली. तिला तो खरोखरच दिसत नव्हता.

फरहीन आली तेव्हा तीही बुचकळ्यात पडली होती. तिनं दोन्ही घरांचे आकडे फोनवर एकाखाली एक लावून पाहिले. एक उतरत गेला होता, आणि त्याच दिवसांत दुसरा चढत गेला होता. तिनं विचारलं, "मावशी, या दोन घरांच्या खाली काही पोकळ आहे का?"

महानंदाची नजर भिंतीच्या बुडाशी गेली. तिथं पेव होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. सासऱ्यांच्या वडिलांनी मुरमात खोदून घेतलेलं. वर घागरीसारखं अरुंद तोंड आणि खाली पोट एवढं मोठं की त्यात गाडीच्या गाडी ज्वारी ओतावी. तिच्या लग्नाच्या कितीतरी आधी त्यात शेवटचा दाणा पडला असेल. सासूबाई सांगायच्या, पेवात माणूस उतरवण्याआधी कंदील सोडायचे. तो विझला नाही तर खाली सगळं ठीक. या वायूनं कंदील विझत नाही, हे तेव्हा कुणाला माहीत असणार? पेवाच्या तोंडावर एक मोठी शिळा होती, आणि वाटणीची रेघ नेमकी त्या शिळेवरून गेली होती. गवंड्यानं विचारलं होतं, या दगडाचं काय करू? दोघं भाऊ तेव्हा अर्ध्या वितीच्या भांडणात होते. राहू दे, घाल वरून, असं कुणीतरी म्हणालं, आणि भिंत पेवाच्या तोंडावर उभी राहिली. सगळ्यांना माहीत होतं, पण ध्यानात कुणाच्याच नव्हतं.

फरहीननं आतल्या खोलीच्या कोपऱ्यात, भिंतीलगत, नव्या लेपात बोटभर भोक पाडलं. देवघरातला धूप मागून घेतला, तो एका डब्यात पेटवला, आणि हातातल्या छोट्या पंख्यानं धूर भोकात सारायला लागली. धूर आत जात राहिला. खोलीत कुठूनही वर आला नाही.

"गेला कुठं?" महानंदानं विचारलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून मन्मथचा आवाज आला. "अरे, इकडं कशाचा धूर येलालाय?"

अंगणवाडीच्या खोलीत, लेकरांच्या वजनकाट्यामागच्या फटीतून, महानंदाच्या देवघरातला धूप बारीक वर येत होता.

"पेव एक आहे आणि त्याला वाटा दोन," फरहीननं बाहेर लिंबाखाली सगळ्यांना सांगितलं. चटयांवर लेकरं पेंगत होती, बाजूला मन्मथ आणि चंद्रकला उभे होते, आणि त्यांच्यापासून हातभर अंतर राखून महानंदा आणि शांभवी. "आतापर्यंत बराचसा वायू मावशींच्या फरशीतून यायचा, कारण तिकडचे सांधे जास्त सैल. ती वाट बंद झाली. मग पेवात तो साचत गेला आणि उरलेल्या वाटेनं यायला लागला. यात मावशींची चूक नाही. खरं म्हणजे कुणाचीच नाही. पेवात एक पाइप सोडून, वर पंखा लावला की दोन्ही घरं आठवड्याभरात हिरवी होतील."

"मग लावा की," मन्मथ म्हणाला.

"लावते. पेव कुणाचं आहे?"

मन्मथ आणि महानंदा दोघंही एकदम घराकडे बघायला लागले.

"कायद्यात तसं आहे. वायूचा उगम ज्याच्या जागेत, पाइप त्याच्या बाजूनं, जबाबदारी त्याची. आणि उगमाच्या घराला एक वर्ष निगराणीची लाल पाटी. आकडा उतरला तरी पाटी राहते. त्या वर्षात तिथं अंगणवाडी नाही, गरोदर बाई नाही, तान्हं बाळ नाही."

मन्मथनं घसा खाकरला. "पेव वहिनीचं. आईनं थोरल्या सुनेच्या हाताखाली दिलतं ते."

"मी त्या पेवातला एक दाणा बघितला न्हाई," महानंदा म्हणाली. "ते भावजीचं. शिळा निम्म्याच्या वर तिकडं हाय."

"निम्म्याच्या वर तिकडं? कोर्टात तुम्हीच सांगितलाव, भिंतीखाली आमची वीतबी न्हाई म्हणून."

"ते भिंतीचं होतं. हे पेवाचं."

अर्ध्या वितीसाठी चपला झिजवलेलं हे घराणं. आता गाड्यांनी ज्वारी मावेल एवढी जागा पायाखाली होती, आणि दोघंही ती दुसऱ्याच्या पदरात घालायला उतावीळ झाले होते. फरहीननं एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं. नांदेडच्या प्रशिक्षणात तिला हे शिकवलेलं नव्हतं.

"मला एक नाव पाहिजे," ती शेवटी म्हणाली. "सोमवारी येते. नाव मिळालं नाही तर नियमानं दोन्ही घरं उगम धरावी लागतील."

घरी आल्यावर महानंदा आतल्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसली. डबीचा दिवा हिरवागार होता. आपण चूक केली की नाही, हेच तिला ठरवता येईना. स्वतःच्या घराची स्वतःची फरशी बुजवली, त्यात कुणाचं काय लुबाडलं? फरहीनच म्हणाली, चूक कुणाचीच नाही. पण मग तो धूप तिकडं निघाला होता, तो तर तिनंच देवघरातून काढून दिला होता. गप्प राहिलं तर दोन्ही घरं लाल. मन्मथच्या गळ्यात मारलं तर लेक इथं राहील, नातवंड इथं येईल, आणि चंद्रकलेची अंगणवाडी वर्षभरासाठी गावात दुसरीकडं जाईल. एकदा गेलेली परत कशाला येते? स्वतःच्या गळ्यात घेतलं तर... तिथवर आलं की तिचा विचार माघारी फिरायचा.

तिला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. दगडावर? सासऱ्यांच्या वडिलांवर? त्या पोरीवर, जी बिचारी आपली नोकरी करत होती?

"झोपत कामून न्हाईस माय?" शांभवीनं पलंगावरून विचारलं. दुपार कलत आली होती. "भिंत गप बसली तर बरं, म्हणायचीस की. आता बसलीय. झोप."

महानंदा झोपली नाही. उठून पाण्याची कळशी घेऊन बाहेर पडली, खरं तर कळशी भरलेलीच होती. चैत्राचं ऊन. लिंबाची सावली सरकली होती, आणि चंद्रकला एकटी ती मोठी चटई सावलीमागे ओढत होती. चटईवर तीन-चार लेकरं गाढ झोपलेली. चंद्रकला लेकरांसकट चटई ओढायची, थांबायची, कमरेला हात लावायची, पुन्हा ओढायची. एक टोक धरलं असतं तर काम हलकं झालं असतं. महानंदा कळशी घेऊन उभी राहिली. चंद्रकलेनं वर पाहिलं, नजर फिरवली, आणि पुन्हा ओढायला लागली. महानंदा तशीच घरी परतली आणि भरलेली कळशी पुन्हा जागेवर ठेवली.

सोमवारी फरहीन आली. मन्मथ तयारीनं आला होता. कोर्टातल्या जुन्या गोष्टी त्यानं एकेक करून आठवून ठेवल्या असाव्यात. त्यानं तोंड उघडलं, आणि महानंदा म्हणाली, "लिही. पेव माझं."

मन्मथचं तोंड उघडंच राहिलं. वर्षानुवर्षं त्याला या घरातल्या माणसाकडून अर्धी वीत सोडवता आली नव्हती.

"मावशी, नीट कळलंय ना?" फरहीननं हळूच विचारलं. "एक वर्ष. बाळंतीण इथं राहू शकणार नाही."

"कळलंय."

कळलंय म्हणाली खरी, पण ते शब्द तोंडातून बाहेर पडेपर्यंत ते पुरतं कळलं नव्हतं. आता कळलं. शिवलेली दुपटी, डिंक, ती ऊबदार खोली, सगळं एका ओळीत डोळ्यांपुढं आलं. शांभवी आईकडे बघत होती. रागानं की कौतुकानं, तेही महानंदाला ओळखता येईना. लातूरहून गाडी येईल, लेक परत जाईल, आणि आपण इथं कशासाठी बसायचं?

चंद्रकला पुढे आली. महानंदाकडे न बघता तिनं फरहीनला विचारलं, "मॅडम, पाइप बसला की आमच्या घराचा आकडा कधी उतरतो?"

"आठवड्याभरात."

"आन् पाटी आमच्याकडं न्हाई ना?"

"नाही. तुम्ही उगम नाही."

"मंग पोरीला लातूरला कशाला धाडतेत?" चंद्रकला म्हणाली. अजूनही ती फरहीनलाच सांगत होती. "आमच्यात मागची खोली मोकळीच हाय. अंगणवाडी पुढं, ही मागं. तिला चालायला ह्याच घरात शिकवलं मी."

मन्मथ जमिनीकडे बघत म्हणाला, "वहिनी, पाइप मी चढवून घेतो वर. तुमी बघू नका त्याचं."

सुमित्राताईंना हे प्रकरण फोनवर समजेना. चुलतीकडे? माहेर म्हणजे आई असते तिथं ना? शांभवीनं आईच्या हातातून फोन घेतला. "आई भिंतीच्या पलीकडंच आहे, आत्या. आणि पाइप बसला की दिवा हिरवा होतो, फोटो पाठवते," सासूला एवढं सांगून तिनं फोन ठेवला.

पाइप बसला. महानंदाच्या आतल्या खोलीचा कोपरा फोडून तो पेवात उतरला, आणि वर छपरातून बाहेर निघाला. पंख्याची बारीक घरघर रात्रंदिवस सुरू झाली. दोन्ही घरांचे आकडे घसरले, आणि गंमत म्हणजे महानंदाचा जास्त घसरला. साऱ्या बोरतळीत सगळ्यांत स्वच्छ हवा आता तिच्या त्या खोलीत होती, दारावर लाल पाटी होती, आणि खोलीत माणूस नव्हतं.

शांभवी देगलूरच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी. तिला चंद्रकलेच्या मागच्या खोलीत आणलं. महानंदा सकाळ-संध्याकाळ गल्लीतून वळसा घालून जायची. शेपूची भाजी, बाजरीची भाकरी, डिंकाचे लाडू घेऊन. जावेच्या दारात चप्पल काढायची, पाहुण्यासारखी पाट मिळेपर्यंत उभी राहायची, बाळाला मांडीवर घ्यायची, आणि परत यायची. चंद्रकला सगळं करायची, अंघोळ, शेक, धुरी. दोघी बाळाशी बोलायच्या. एकमेकींशी अजून नाही.

अशाच एका सकाळी महानंदा आपल्या खोलीत पलंगावर बसून दुपट्याची उसवलेली कड शिवत होती. पंखा घरघरत होता, डबीचा हिरवा दिवा लागला होता. भिंतीपलीकडे पुढच्या बाजूला अंगणवाडीतली लेकरं ताटल्या वाजवत होती, आणि मागच्या बाजूला नात रडायला लागली. आधी बारीक, मग जोरात, मग श्वास अडकल्यासारखी. शांभवीचा दमलेला आवाज आला. बाळ थांबेना. महानंदाची सुई हवेतच राहिली.

मग भिंतीच्या अगदी जवळून, विटांना तोंड लावल्यासारखा चंद्रकलेचा आवाज आला. "अक्का, लेकरू ऐकंना गेलंय. मला कळंना गेलंय काय करावं ते. येलालाव का जरा?"

"आले," महानंदा म्हणाली आणि ताडकन उठली. दोन पावलं टाकून तिनं हात पुढे केला, भिंत व्हायच्या आधी जिथून सरळ पलीकडे जाता यायचं तिथं. हाताला विटा लागल्या. बाळ पलीकडे रडत होतं, तिच्या तळहातापासून दीड वीत लांब. ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग वळली, दुपटं खांद्यावर टाकलं, आणि चपला न घालताच गल्लीतून पलीकडे निघाली.